एका आण्याची ट्राम

दादर पूर्वेला बस वळली की कंडक्टर ‘टी.टी., टी.टी.’ असा पुकारा करतो आणि आपण पिशव्या सावरीत उठतो. मंडळातील एका तरुण भगिनीने मागे एकदा विचारले की हे टी.टी. म्हणजे काय? कुणी म्हणाले, तिकीट तपासणारा. कुणी म्हणाले, जुन्या एखाद्या पारशी गृहस्थाच्या नावाची अक्षरे असतील. शेजारीच खोदादाद सर्कल आहे, तेव्हा हा तर्कही अगदीच वावगा नव्हता. वास्तविक टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम जाऊन साठ वर्षे उलटली, रूळ डांबराखाली गेले. पण ट्राम जिथे संपत असे त्या जागेचे नाव मात्र रोज हजारो लोकांच्या तोंडी राहिले. त्या प्रश्नाचे उत्तर द्यावे म्हणून थोडे वाचन केले आणि मग लक्षात आले की ट्रामची कथा ही नुसती गमतीची आठवण नाही. गाडी कुणी चालवावी, भाडे किती असावे आणि तूट आली तर ती कुणाच्या पदरातून भरावी, हे जे वाद आपण आज वर्तमानपत्रांत वाचतो, ते सारे या मुंबईत दीडशे वर्षांपूर्वीच सुरू झाले होते.

गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. शहराची इतकी बारीक माहिती देणाऱ्या त्या पुस्तकात ट्राम नाही, कारण तेव्हा ती नव्हतीच. सामान्य माणूस पायी चालत असे आणि ज्याला परवडे तो बैलगाडी, घोडागाडी किंवा पालखी करी. दोनच वर्षांनी, १८६५ मध्ये, एका अमेरिकन मंडळींच्या कंपनीने मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू करण्याची परवानगी मागितली. वेळ मात्र फार वाईट निवडली गेली. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते तोवर तिथला कापूस इंग्लंडला पोचत नव्हता. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि शहरात शेअरांचे वेड माजले होते. युद्ध १८६५ मध्ये संपले आणि तो फुगा फुटला. बँका बुडाल्या, भल्याभल्यांची दिवाळी निघाली. अशा वेळी रुळांवर पैसा घालायला कोण येणार? ट्रामची योजना कागदावरच राहिली.

ती पुन्हा वर आली १८७० नंतर. १८७३ मध्ये बॉम्बे ट्रामवे कंपनी स्थापन झाली, स्टर्न्स आणि किट्रेज या पेढीकडे काम आले, नगरपालिकेशी करार झाला आणि पुढच्या वर्षी सरकारने त्यासाठी खास कायदाही केला. ९ मे १८७४ या दिवशी पहिली घोड्यांची ट्राम धावली. मार्ग दोन होते: कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीपर्यंत एक आणि बोरीबंदराहून काळबादेवीवरून पायधुणीपर्यंत दुसरा. एक किंवा दोन घोडे डबा ओढीत. कुलाबा कॉजवेच्या बाजूस या पेढीचा तबेला होता आणि त्यात नऊशे घोडे होते असे सांगतात. नऊशे घोड्यांचा चंदी-चारा, नालबंदी आणि मोतद्दार यांचा रोजचा खर्च मनात आणावा, म्हणजे ट्राम चालवणे हा पोरखेळ नव्हता हे कळेल.

आता भाड्याकडे येऊ. आरंभी भाडे तीन आणे होते. रुपयाचे सोळा आणे, हे आमच्या वयाच्या भगिनींना सांगावे लागणार नाही. पण नातींना सांगावे लागते. ज्या काळात मजुराची दिवसभराची मजुरी आण्यांतच मोजली जाई, त्या काळात तीन आणे देऊन ट्रामने जाणारा माणूस हा हपिसातला, व्यापारातला, बऱ्या स्थितीतला. गंमत अशी की पहिल्यापहिल्याने तिकीटच देत नसत, पैसे घेतले की झाले. अर्थात काहींनी पैसे न देताच प्रवास चालविला, तेव्हा त्याच वर्षी पुढे तिकिटे छापावी लागली. आणि दुसरी गोष्ट अशी घडली की लोकांना ट्राम आवडू लागली तसे भाडे तीन आण्यांवरून दोन आण्यांवर आले. वाहतूकशास्त्राची पुस्तके न वाचता त्या कंपनीला एक गोष्ट उमगली होती. घोडा रिकामा डबा ओढो की भरलेला, चंदी तेवढीच खातो. डबा अर्धा रिकामा ठेवून तीन आणे घेण्यापेक्षा तो भरून दोन आणे घेणे फायद्याचे.

कराराचा जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मात्र भाड्याचा नाही. कंपनीला रस्ते वापरू देताना नगरपालिकेने एक हक्क आपल्या हाती ठेवला होता: ठराविक मुदतीनंतर सारी ट्रामवे आपण विकत घेऊ शकू. ही मुदत १९०१ मध्ये येत होती. इंग्लंडातही १८७० च्या ट्रामवे कायद्यात एकवीस वर्षांनंतर ट्राम ताब्यात घेण्याचा असाच हक्क स्थानिक संस्थांना दिलेला होता. विचार उत्तम होता. रस्ता लोकांचा आहे. तेव्हा त्यावरचा धंदा कायम एका कंपनीच्या हाती का राहावा? परंतु या तरतुदीची दुसरी बाजूही होती. जे घर चार वर्षांत सोडायचे आहे त्या घराला भाडेकरू रंग कशाला देईल? मुदत जवळ येऊ लागली तसा कंपन्यांचा नवीन पैसा घालण्याचा उत्साह आटत गेला.

मुंबईत नेमके हेच झाले. १८९९ मध्ये कंपनीने विजेवर ट्राम चालविण्याची परवानगी मागितली. मद्रासमध्ये विजेची ट्राम १८९५ मध्येच सुरू झाली होती आणि मुंबई मागे पडत होती. पण विजेला भांडवल मोठे लागणार. म्हणून कंपनीने अट घातली की नगरपालिकेने १९०१ चा आपला खरेदीचा हक्क सोडून द्यावा. नगरपालिकेने उलट ठरविले की हक्क सोडायचा नाही, आपणच कंपनी घ्यायची. त्यातून कायद्याच्या अडचणी उभ्या राहिल्या आणि वर्षे गेली. हा काळ मुंबईच्या दृष्टीने साधा नव्हता. १८९६ मध्ये प्लेगची साथ आली होती. दाट वस्त्यांतून लोक पळत होते. शहर उत्तरेकडे पसरल्याशिवाय गत्यंतर नाही हे सर्वांना दिसत होते. १८९८ मध्ये इंप्रूव्हमेंट ट्रस्टही त्यासाठीच निघाला. दादर-माटुंग्याची आखणी होत होती आणि त्याच वेळी शहरातली ट्राम मात्र घोड्यांच्या टापांवर अडून बसली होती.

हा तिढा १९०५ मध्ये सुटला. विजेचा परवाना घेऊन एक इंग्रजी कंपनी पुढे आली, बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी म्हणजे आपली ‘बेस्ट’ जन्माला आली आणि जुन्या कंपनीची सारी मालमत्ता ९८ लाख ५० हजार रुपयांस तिच्याकडे गेली. नगरपालिका मालक झाली नाही. तो योग यायला आणखी बेचाळीस वर्षे लागली.

वीज आणि ट्राम हे एकाच कंपनीकडे आले यात मोठी व्यावहारिक चतुराई होती. विजेचे दिवे लागतात संध्याकाळी. यंत्रे मात्र दिवसभरासाठी उभी करावी लागतात. ट्राम दिवसा चालते, म्हणून दिवसाही विजेला गिऱ्हाईक मिळते. ज्या घरात इडलीचे पात्र रोज चढते तिथे कोळशाची शेगडी वाया जात नाही, तसेच हे. वाडीबंदरला वाफेच्या यंत्रांवर वीजघर चालू झाले आणि ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली. या लग्नगाठीचे फळ पुढे शंभर वर्षे मुंबईकरांनी खाल्ले, त्याविषयी पुढे सांगते.

जुन्या मुंबईकरांच्या आठवणीतली ट्राम ही या विजेच्या काळातली, एका आण्याची. एका आण्यात दादरहून म्युझियमपर्यंत, शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. वाटेत गाडी बदलायची तर ट्रान्सफरचे तिकीट. तिन्ही बाजूंनी वारा येणारे डबे, दोन्हीकडे उलटणारी लाकडी बाके, पायाने वाजवायची घंटा आणि फळीवर पाय ठेवून चढणे. नऊवारी लुगड्याचा काचा असलेली बाई ही फळी सहज चढत असे, म्हाताऱ्या माणसाला मात्र ती उंच वाटे. १९२० मध्ये दुमजली ट्रामही आली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस निघाली, पण तिच्याकडे बरीच वर्षे बऱ्या स्थितीतल्या लोकांचे वाहन म्हणून पाहिले गेले. गोरगरिबांची गाडी ट्रामच.

भाडे अंतराप्रमाणे न ठेवता सर्वत्र सारखे ठेवले म्हणजे काय होते, याचा विचार आपण बायकांनी जरूर करावा. दूर राहणाऱ्याला त्याची शिक्षा होत नाही. गिरगावातल्या दोन खोल्यांत दहा माणसे कोंबून राहण्यापेक्षा दादर, नायगाव, हिंदू कॉलनी इकडे बिऱ्हाड करावे असे कारकुनाच्या बायकोला वाटले, तर नवऱ्याच्या ट्रामभाड्याने तिच्या डाळ-तांदळात फारशी काटकसर होत नसे. दादर-माटुंग्याच्या वसाहती एकट्या ट्रामने वसविल्या असे मी म्हणणार नाही. ट्रस्टचे रस्ते आणि आगगाडी यांचा वाटा मोठा आहे. परंतु ट्राम दादरपर्यंत गेली, तिचा एक फाटा पुढे किंग्ज सर्कलपर्यंतही गेला, आणि त्या वस्तीला शहराचे दार एका आण्यात उघडे झाले. गिरणीकामगारांची गोष्ट वेगळी. ते बहुतेक भोंगा ऐकू येईल इतक्या जवळच्या चाळीत राहत, कारण रोजचे दोन आणे हेही त्यांना जड होते. स्वस्त म्हणजे कुणासाठी स्वस्त, हा प्रश्न ट्रामच्या सुवर्णकाळातही होताच.

भाड्याचा एक पैसा किती पेटू शकतो हे पाहायचे तर कलकत्त्याकडे पाहावे. तिथली ट्राम कंपनी लंडनमध्ये नोंदलेली होती. जुलै १९५३ मध्ये तिने दुसऱ्या वर्गाचे भाडे एका पैशाने वाढविले. जुना पैसा, आण्याचा चौथा भाग! लोकांनी वाढीव भाडे देण्याचे नाकारले. प्रतिकार समिती उभी राहिली, तिच्या पुढाऱ्यांत ज्योति बसू होते. महिनाभर शहर धुमसत होते. ट्रामगाड्या जळाल्या, पोलिसांनी गोळीबार केला आणि शेवटी वाढ मागे घ्यावी लागली. एका पैशासाठी एवढे कशाला, असे दूर बसून म्हणणे सोपे आहे. फाळणीनंतर निर्वासितांनी भरलेल्या त्या शहरात रोजचे दोन पैसे म्हणजे महिन्याचे जवळजवळ रुपयाभर झाले, आणि ते एका परकीय कंपनीच्या भागीदारांसाठी द्यायचे हे लोकांना सोसले नाही.

मुंबईत असा परका मालक तोवर उरला नव्हता. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, महापालिकेने बेस्ट आपल्या ताब्यात घेतली. १८७३ च्या करारात ज्याची सोय केली होती ते अखेर घडले. आता तूट आली तरी ती आपलीच आणि नफा आला तरी तो आपलाच.

आणि इथेच एक विलक्षण गोष्ट दिसते. ट्राम लोकांच्या मालकीची झाली आणि सतरा वर्षांत गेली. तिच्यावर कुणाचा राग होता असे नाही. डबे जुने झाले होते, रूळ झिजले होते, नवे घालायला पैसा हवा होता. मोटारी वाढल्या होत्या. ट्राम रस्त्याच्या मधोमध चालणार, उतारूंना वाहनांच्या गर्दीतून रस्ता ओलांडून ती पकडावी लागणार, एक गाडी बिघडली की मागच्या साऱ्या अडणार. बस मात्र वळसा घेऊ शकते. जगाची हवाही तशीच होती. लंडनची ट्राम १९५२ मध्ये बंद झाली, मद्रासची १९५३ मध्ये, ग्लासगोची १९६२ मध्ये, दिल्लीची १९६३ मध्ये. नाशिकची छोटी घोड्यांची ट्राम तर १९३३ च्या सुमारासच गेली होती. मुंबईनेही १९५० नंतरच्या दशकात एकेक मार्ग बंद करीत आणला. मधेच १९६२ मध्ये गोवालिया टँक ते माझगाव गोदी अशी विजेच्या तारेवरची ट्रॉलीबस आणून पाहिली; तीही १९७१ मध्ये बंद पडली.

३१ मार्च १९६४ च्या रात्री दहा वाजता शेवटची ट्राम बोरीबंदराहून दादरला निघाली. रस्त्याच्या दोन्ही कडांना आणि गच्च्यांवर माणसे उभी होती. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. जिच्या संथपणाला नावे ठेवली, तिला निरोप द्यायला लोटलेली ती गर्दी मुंबईच्या स्वभावाला धरूनच होती.

माझे मत विचाराल तर ट्राम काढली यात फार मोठी चूक झाली असे मी म्हणत नाही. त्या डब्यांना आणि त्या रुळांना तसेच चालवीत राहणे शक्य नव्हते. चूक झाली ती ट्रामची जागा मोटारींना देण्यात. रुळांनी अडविलेली रस्त्याची मधली पट्टी सार्वजनिक होती. रूळ उखडल्यावर ती बसला मिळायला हवी होती. ती मिळाली नाही, आणि आज बस त्याच गर्दीत अडकून उभी असते, जिच्यातून सुटण्यासाठी ट्राम काढली होती.

आता लग्नगाठीविषयी. ट्राम गेली, बस राहिली, पण वीज आणि वाहतूक हे दोन विभाग बेस्टच्या एकाच घरात नांदत राहिले. विजेत नफा होई, बसमध्ये तोटा. विजेच्या पैशाने बसचे भाडे खाली राही. कर्त्या मुलाच्या पगारावर धाकट्याची फी भरावी तसे. यात एक अडचण होती आणि ती नीट समजून घ्यावी. बेस्टची वीज फक्त शहर भागात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत. बस मात्र साऱ्या उपनगरांत आणि त्याच्याही बाहेर जाते. मग परळच्या चाळीतल्या विधवेने आपल्या विजेच्या बिलातून दहिसरच्या उतारूच्या भाड्याचा भार का उचलावा? २००३ च्या वीज कायद्यानंतर विजेचे हिशेब नियामक आयोगासमोर स्वतंत्र मांडावे लागू लागले आणि हा प्रश्न उघडा पडला. काही वर्षे वाहतुकीची तूट भरण्यासाठी विजेच्या बिलात वेगळा आकारही लावला गेला, पुढे तो थांबला. आक्षेप बरोबर होता. पण कर्त्या मुलाने पैसे देणे थांबविल्यावर धाकट्याची फी कुणी भरायची, हे मात्र कुणी ठरविले नाही. महापालिका सवडीप्रमाणे अनुदान देते, बेस्टच्या मालकीच्या गाड्या कमी होत गेल्या, कंत्राटी गाड्या आल्या.

जुलै २०१९ मध्ये महापालिकेच्या मदतीने एक धाडस झाले. किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपयांवर आणले आणि वातानुकूलित गाडीचे सहा रुपये केले. उतारू परत आले, थांब्यांवर रांगा लागल्या. १८७४ मध्ये तीन आण्यांचे दोन आणे केले तेव्हाचाच अनुभव. मात्र घोड्यांच्या कंपनीला जो फायदा झाला तो इथे झाला नाही, कारण बस भरली तरी डिझेल, पगार आणि कंत्राट यांचा खर्च पाच रुपयांत निघत नाही. ती तूट दरवर्षी भरायची तयारी ठेवली तरच असे भाडे टिकते. ती राहिली नाही. २०२५ मध्ये किमान भाडे दुप्पट झाले: पाचाचे दहा, वातानुकूलितचे सहाचे बारा. हा नवा दर ज्या दिवशी लागू झाला तो दिवस होता ९ मे. बरोबर एकशे एकावन्न वर्षांपूर्वी त्याच तारखेला पहिली ट्राम सुटली होती. ठरविणाऱ्यांना हे ठाऊकही नसेल.

घरकामाला जाणारी बाई घरापासून स्टेशनपर्यंत एक बस आणि उतरल्यावर दुसरी बस करते, येताना पुन्हा तसेच. दिवसाच्या चार बसा, महिन्याचे सव्वीस दिवस. किमान भाड्याने पूर्वी पाचशे वीस रुपये होत, आता एक हजार चाळीस. लोकल वेगळी. अशी बाई यातून मार्ग काढते, आणि तो मार्ग म्हणजे एक बस सोडून चालत जाणे. राज्याच्या एस.टी. मध्ये १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट झाले, तेव्हा गावाकडच्या आपल्या बहिणी माहेरी, बाजाराला, दवाखान्यात किती सहज जाऊ लागल्या हे आपल्यापैकी अनेकींनी पाहिले आहे. शहरातली बाई लांबचा प्रवास क्वचित करते. तिचे सारे जिणे या लहान लहान फेऱ्यांत असते, आणि किमान भाड्याचा फटका बसतो तो लहान फेरीलाच.

शहरात पैसा नाही असे मात्र म्हणता येणार नाही. जमिनीखालची तिसरी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. तिच्यावर सदतीस हजार कोटींहून अधिक खर्च झाला, त्यात जपानच्या कर्जाचा मोठा वाटा आहे. तिकीट दहा रुपयांपासून सत्तर रुपयांपर्यंत, अंतराप्रमाणे. गाडी सुंदर आहे, गार आहे, आणि मी तिने आनंदाने गेले आहे. काळबादेवीला तिचे स्टेशन आहे. बोरीबंदरहून पायधुणीला जाणारी घोड्यांची ट्राम ज्या रस्त्याने जाई, त्याच्याच पोटात. तिथले जिने चढून वर आल्यावर आपल्याला पुढे मंगलदास मार्केटात किंवा भुलेश्वरला जायचे असते, आणि हातात ओझे असले तर तेवढ्यासाठी बस पाहावी लागते. फ्लोरा फाउंटनच्या डागडुजीच्या वेळी २०१७ मध्ये जमिनीखाली जुन्या ट्रामचे रूळ सापडले. साडेपाच दशके कुणी त्यांना पाहिले नव्हते, पण ते होते तिथेच होते.